समोरच्या खुर्चीवरचा स्वेटर

७ नोव्हेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय, उत्तराला उशीर झाला. कारण विशेष काही नाही. बोटं आखडतात, आणि पेन हातात धरलं की वाटतं, लिहायचं काय? थंडि आली, एवढंच लिहून पाकीट बंद करावं असंही मनात येऊन गेलं.

तुझे भाऊजी गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. इतकी वर्षं बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या खीडकीच्या फटीत ते जुन्या बनियनच्या पट्ट्या दामटून बसवायचे. मी त्यांना हसायचे. म्हणायचे की लोक अंगात बनियन घालतात, तुम्ही खीडकीला घालता. यंदा त्या पट्ट्या मी बसवल्या, तर दुसऱ्याच दिवशी निम्म्या खाली पडलेल्या. खालचा चष्मेवालाही दुकान लवकर बंद करतो आता, त्यामुळे जमिनीतून जी थोडी धग वर यायची तीही गेली.

म्हणून मी स्वयंपाकघरातच बसतो. शिलाईचं मशीनही आत ओढून घेतलंय. जेवण, शिवण, डुलक्या, सगळं शेगडीपाशी. बाहेरच्या खोलीत कुणी दार वाजवलं तरच जायचं, आणि दार कुणी वाजवत नाही. जन्मभर लोकांचे पडदे शिवले, अस्तर लावून, तळाला वजनं घालून, आणि माझ्या खीडकीला मात्र अजून तेच उन्हाळी छापाचं फडकं. यावर तू हसणार हे ठाऊक आहे.

तू दुकानांच्या काचेमागे खोल्या मांडतेस, रस्त्याने जाणारं माणूस थबकतं म्हणतेस. मग माझी ही एक खोली बसण्याजोगी कशी करायची ते सांग. नवं काही आणायला लावू नकोस. आहे त्यात सांग.

लोभ आहेच, तो गोठू देऊ नकोस.
तुझी,
ताई


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी तुझं शुद्धलेखन तपासते, मग बाकीचं. 'थंडि'ची वेलांटी चुकली. 'खीडकी' तर प्रत्येक वेळी न चुकता चुकली. आणि 'मी बसतो' काय ग? शाळेत 'मी शाळेत जातो' असं लिहून वर्गभर मुलगा ठरली होतीस, ते अजून सुटलेलं नाही. मात्रा दिली की तुझ्या हातून जास्तीचा काना आपोआप पडतो. तुझं पत्र धान्यासारखं निवडून घ्यावं लागतं, असं बाबा म्हणायचे. मला तर इतकी सवय झालीय की डोळे आपलं आपणच दुरुस्त करून वाचतात.

आता खोली. पहिलं काम, ते फडकं काढ आणि स्वतःसाठी पडदे शिव. जाड कापड, अस्तर, आणि लांबी अशी की जमिनीवर चार बोटं लोळली पाहिजेत. लोकांना हेच सांगतेस ना? छताचा पांढरा दिवा लावूच नकोस, त्याच्या उजेडात माणूस दवाखान्यात बसल्यासारखा दिसतो. पिवळा दिवा कोपऱ्यात, खाली, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतका. पायाखाली काहीतरी लोकरीचं हवं, मग ते जुनं का असेना.

आणि खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या नाहीत. तुझ्याकडे त्या हमखास तशाच असणार. दोन्ही ओढून समोरासमोर आण, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. शेवटी एक युक्ती सांगते, ती मी कुणाला सांगत नाही. एका खुर्चीच्या पाठीवर शाल टाकायची, पण घडी करून नाही. एक टोक खुर्चीच्या हातावर लोंबतं ठेवायचं, म्हणजे कुणी आत्ताच उठून आत गेलंय आणि आता येईलच असं वाटतं. काचेबाहेरची माणसं नेमकी त्या खुर्चीपाशी थांबतात. पोटावर शाल ओढून तिथं बसावंसं वाटतं त्यांना.

हे सगळं कर आणि मला खरं खरं कळव. मी मालकीणबाईंच्या कानावर घालून ठेवलंय की ताईचं घर राहण्यासारखं नसेल, तर मी बर्फ वितळेपर्यंत तिच्याकडे जाईन. त्यांनी डिसेंबरच्या मध्यापर्यंत नक्की सांग म्हटलंय, कारण मग मोठ्या सेलच्या काचा सुरू होतात. तेव्हा तुझ्या पत्रावर सगळं आहे. खोलीत बसवतंय म्हणालीस तर मी काम सोडून येत नाही, नाही म्हणालीस तर पुढच्या गाडीने हजर. मोठेपणा करून खोटं लिहू नकोस.

लोभ असावा, नसल्यास लोकर पाठवावी.
तुझी,
खारू


१ डिसेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. एका गिऱ्हाईकाने नाकारलेलं तपकीरि कापड पडून होतं, त्याचे पडदे शिवले. अस्तर लावलं, वजनं घातली. शिवताना सवयीने गिऱ्हाईकाचं नाव लिहायला खडू उचलला, मग हसू आलं. पडदे ओढले की वारा अडतो. खीडकी आहे हेच कळत नाही.

आईचं जुनं लोकरी जाजम वरच्या फळीवर होतं, ते झटकून अंथरलं. कसर लागली होती एका कोपऱ्याला, तो कोपरा कपाटाखाली सारला. छताचा दिवा काढून टाकला. मशीनवरचा छोटा दिवा होता, त्याला कापडाची टोपि शिवून तो स्टुलावर ठेवलाय. आणि हो, खुर्च्या भिंतीलाच होत्या. हसून घे. मधे ओढल्या, समोरासमोर.

शाल माझ्या अंगावरच असते, ती कुठून टाकणार? मग भाऊजींचा राखाडी स्वेटर काढला, कोपरावर मी रफू केलेला. तो त्यांच्या खुर्चीवर टाकला. एक बाहि हातावर लोंबती ठेवली, तू लिहिलंस तशी. परवा चष्मेवाला माझा नवीन चष्मा द्यायला वर आला आणि दारातच थबकला. म्हणाला, खोली ओळखूच येत नाही. मग खुर्चीकडे बघून विचारलं, घरी कुणी आलंय का. मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. तो बिचारा हळू आवाजात बोलून निघून गेला, आतल्या पाहुण्याला त्रास नको म्हणून.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. संध्याकाळी पडदे ओढून, दिवा लावून त्या खुर्चीसमोर बसलं की उबग येतो. एवढंच आहे बघ. बाकी काय ते तू ठरव, मी आग्रह करायची नाही.

तुझ्या खोलीबद्दल तू कधी काहीच लिहीत नाहीस. ती कशी सजवलीस?

लोभ ठेव, उत्तर ठेवून देऊ नकोस.
तुझी,
ताई


९ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. इथं काचेत शिडीवर उभी राहूनच वाचलं, रस्त्यावरच्या चार लोकांनी मला वेड्यात काढलं असेल. 'त्या खुर्चीसमोर बसलं की ऊब ग येते.' बाई ग, किती गोड लिहिलंस. ऱ्हस्व-दीर्घाचा आणि काना-मात्रेचा नेहमीसारखा खून केलायस, पण माझ्या डोळ्यांनी बरोबर निवडून घेतलं. बघ, स्वेटरची युक्ती लागू पडली की नाही? भाऊजींची ऊब येते ना? मला माहीत होतं.

तेव्हा मालकीणबाईंना आजच सांगून टाकलं की मी जात नाही. त्यांनी लगेच कोपऱ्यावरची मोठी काच माझ्याकडे दिली. खोटी शेकोटी, दोन खुर्च्या, वाफ नसलेले दोन कप, असा सगळा थाट आहे. आता उन्हाळ्यातच भेटू. तोवर तू त्या खोलीत मजेत बस.

माझ्या खोलीचं पुढे कधीतरी लिहीन. घाईत आहे.

लोभ वाढता असो, थंडी उतरती असो.
तुझी,
खारू


१७ डिसेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुला मोठी काच मिळाली हे वाचून आनंद झाला. तुझा निर्णय योग्य आहे. माझी काळजी करण्याचे कारण नाही. खिडकीतून येणारी थंडी आता जाणवत नाही. मी दररोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसते. प्रकृती ठीक आहे.

कळावे.
ताई


२२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि मी ते तीनदा वाचलं. तुला 'खिडकी' लिहिता आली. 'थंडी' लिहिता आली. 'मी बसते' म्हणालीस. अख्ख्या पत्रात एक चूक सापडेना. तू प्रत्येक शब्दावर थांबून, विचार करून लिहिलंस, आणि माझ्याशी बोलताना तू कधीच विचार करत नाहीस. रागावलीस, की रडलीस आणि मग लिहायला बसलीस, ते काही कळेना.

तेव्हा तुझं आधीचं पत्र काढलं. या वेळी निवडून नाही वाचलं, जसं लिहिलंय तसंच वाचलं. उबग येतो. तू 'उबग येतो' असंच लिहिलं होतंस. जिथं तू अचूक लिहिलंस तिथंच मी चूक काढली. खरं सांग म्हणून तुझ्या मानगुटीवर बसले, तू सांगितलंस, आणि मी त्याचं कौतुक करून परत पाठवलं. तुला तेव्हा कसं वाटलं असेल या विचाराने जेवण गेलं नाही.

आणि ती माझी युक्ती. कुणी आत्ताच उठून गेलंय आणि येईलच, असं वाटायला लावणारी. ती दुकानात चालते ग, कारण तिथं कुणीच कधी बसलेलं नसतं. तुझ्या घरात मी काय करायला सांगितलं ते मला आज कळलं. भाऊजी रोज संध्याकाळी उठून जातात आणि तू समोर बसून बघतेस. तो स्वेटर तिथून काढ. नाहीतर मी आल्यावर काढते.

हो, येतेय. मालकीणबाईंनी तोंड वाकडं केलं, ऐन हंगामात म्हणाल्या. मी म्हटलं काच दुसऱ्या कुणाकडून मांडून घ्या, दोन खुर्च्या आणि एक शाल, त्यात अवघड काही नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने पोचते.

माझ्या खोलीचं विचारलं होतंस. छताला एक पांढरा दिवा आहे. एक खाट, एक टेबल, आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय. खुर्ची एकच आहे, तिच्यावर कपडे असतात. दिवसभर लोकांच्या खोल्या मांडून आल्यावर कुणासाठी मांडायचं, म्हणून राहून गेलं. हे तुला लिहायची लाज वाटायची, तू माझं फार कौतुक करतेस म्हणून. तेव्हा फक्त तुझ्यासाठी येतेय असं समजू नकोस.

लोभ आहे तसाच असू दे, चुकांसकट.
तुझी,
खारू


२६ डिसेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू निघायच्या आत हे हातात पडेल की नाही माहीत नाही, तरी लिहितो.

स्वेटर काढला. कपाटात ठेवायला गेले, पण हात होईना, म्हणून मीच घातला. बाह्या लांब होतात, त्या दुमडून घेतल्यात. आता समोरची खुर्ची नुसतीच खुर्ची आहे. जरा उघडी दिसते, पण तिच्याकडे बघवतं.

चष्मेवाल्याला सांगून टाकलं की पाहुणे शनिवारी येणार. तो गोंधळला. म्हणाला, मग आधीचे पाहुणे गेले का. मी म्हटलं, हो, ते गेले. म्हणाले आणि तिथं जिन्यातच रडू आलं. त्याने माझा चष्मा पुसून दिला. इतक्या महिन्यांत हे मी कुणाला मोठ्याने म्हणाले नव्हते.

येताना तुझ्या खाटेवरचं पांघरूण घेऊन ये. आणि पडदे ओढलेले दिसले तर घर बंद आहे असं समजू नकोस, एका बाजूने थोडे सरकवून मी खीडकीतच बसणार आहे. दुपारपासून बसतो. वाट बघतो ग. हे आता कसं वाचायचं ते तुला कळतं.

तुझी,
ताई