मेंढ्याची शिंगं

बाबा,

जर्मनीला जाताना तुम्ही आईला बजावलं होतंत, "गालिच्यात मेंढ्याची शिंगं विणू नका. ती पुरुषाच्या घरची खूण. तुम्ही बायका आपला लांडग्याचा जबडा विणा, लांडगे लांब राहतील."

आम्ही तोच विणला. तरी या हिवाळ्यात लांडगा मेंढवाड्यात शिरलाच. मी काठी घेऊन त्याला पार डोंगरापर्यंत पिटाळलं. एकही मेंढी गेली नाही.

आता माझ्या लग्नाच्या गालिच्यात मी मधोमध शिंगं विणली आहेत, लालभडक. शेजारच्या हाजरमावशी आईला म्हणाल्या, "अगं, तुझ्या घरात पुरुष कोण?"

आई म्हणाली, "त्या लांडग्याला विचार की!"

हे पत्र काही धाडत नाही, गावाकडून कळेलच. लग्नाला आलातच, तर गालिचा दारातच अंथरलेला असेल. जोडे काढून या.

आईची थोरली,
दुदू