दुसरा फटका

शनिवार, ४ डिसेंबर २०२१, कासलबार

निखिलच्या ओठाला आज मीच दोन टाके घातले, घरी, जेवणाच्या टेबलाशी. हॉस्पिटलमध्ये नेलं असतं तर माझ्याच सहकाऱ्यांनी विचारलं असतं, कशाने लागलं. नवऱ्याला मी मारलं, हे कसं सांगणार?

सकाळी आम्ही दोघं डोंगरातल्या तळ्यात डायव्हिंगला उतरलो होतो. दहा मीटर खाली, थंडीने त्याचा रेग्युलेटर, टाकीतली हवा तोंडात देणारा, गोठला आणि हवा भसाभसा वाहून जायला लागली. माझ्या छातीवर जादाचा रेग्युलेटर होता, अशाच वेळेसाठी. तो सोडून त्याने माझ्या तोंडातला हिसकावला. मी हातातला जड टॉर्च त्याच्या तोंडावर हाणला. त्याने लगेच सोडलं. मी माझा रेग्युलेटर तोंडात धरला, नीट श्वास घेतला, आणि पुन्हा हाणला. ओठ तेव्हा फाटला. मग त्याला जादाचा दिला.

दुसऱ्यांदा का मारलं? त्याने तर सोडलं होतं. एवढा राग कधीपासून होता माझ्यात?

टाके झाल्यावर तो म्हणाला, "तू मारलंस म्हणून भानावर आलो गं. आणि हात किती स्थिर आहे तुझा."

खालीही स्थिरच होता. दुसऱ्या वेळी तर जास्तच.