हर्षदाचा डोळा

हर्षदाच्या बाबांना हिरीचा मुंबईहून नमस्कार.

कुरवंड्याला फोन लागंना, म्हणून लिहिते. आमी दोघी बऱ्या हाव. पोर पोटभर जेवती. धाकटा करण शाळंत जातो का?

हर्षदाच्या बुबुळामागची गाठ कॅन्सरची निघाली. ती पसरायच्या आत डोळा काढायला पायजे, आसं डॉक्टर म्हणाले. तुमाला इचारायला थांबले न्हाई, सही मीच केली. रागावू नका. आता जिवाला धोका न्हाई.

शुद्धीवर आल्यावर तिनं इचारलं, "आई, पडलेला दात परत आला, तसा डोळा पन येईल ना?"

मी व्हय म्हणाले. तवापासनं रोज सकाळी ती पट्टी चाचपून बघती.

तुमी न्यायला आलात की तिला खरं सांगा. माझ्यानं व्हत न्हाई.

तुमची,
हिरी