बाबांच्या तब्येतीचं बुलेटिन

३ मार्च
परवा बाबांची पहिली केमो. घरातला कर्ता पुरुष या नात्याने सूत्रं हाती घेतली. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सातला हेल्थ बुलेटिन टाकणार. ताई म्हणाली, रजा काढून महिनाभर येते. कळवलं, मी खंबीर आहे. स्वयंपाकघरातून बायको काहीतरी म्हणाली. मिक्सर चालू होता.

५ मार्च
केमो सहा तास चालली. बाबांजवळ बायको बसली, कारण मला सुई बघवत नाही. मी कॅन्टीनमधून सगळं सांभाळलं. बुलेटिन: 'केमो फत्ते. टीमवर्क!' सतरा अंगठे आले. भरून आलं.

७ मार्च
पहाटे बाबांना उलट्या झाल्या म्हणे. बायकोने तीन चादरी बदलल्या. मला जागच आली नाही. काळजी घेणाऱ्याने झोप पुरेशी घ्यावी, असं वाचलंय. मी तंतोतंत पाळतो.

९ मार्च
औषधांचा तक्ता केला. चार रंगांत! बाबा म्हणाले, सुंदर आहे, पण उलटीची गोळी जेवणाआधी असते, तू नंतर लिहिलीस. कौतुक राहिलं बाजूला. फ्रिजवर बायकोचा पेन्सिलीने लिहिलेला तक्ता आहे. तूर्तास तोच चालू.

१२ मार्च
बायकोची रजा संपली, ऑफिसातून फोनवर फोन. माझी एकवीस दिवस शिल्लक आहे. पण ती अडीअडचणीसाठी राखून ठेवलीय.

१४ मार्च
संकल्प: आजचा स्वयंपाक माझा. लसणाच्या वासाने बाबा थेट बाथरूममध्ये. त्यांना वास सोसत नाही, हे मला कोणी सांगायला नको? बायको म्हणाली, रोज सांगते. बुलेटिन: 'आहारात नवे प्रयोग.'

१६ मार्च, सकाळी ६.५०
बायको नळ सोडून रडत होती. विचारलं, तर म्हणाली, डोळ्यात साबण गेला. पटलं नाही. पण सात वाजत आले होते.

१७ मार्च
आज बाबांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं, ताईला. 'पोरी, निघून ये. सूनबाई उभ्या उभ्या झोपते. मला नुसता कॅन्सर आहे. तिला आम्ही दोघं आहोत.'
पहिला अंगठा बायकोचा.
लाज वाटली. खरंच वाटली. बायकोला म्हटलं, तू झोप, मी आहे. ती वाद न घालता झोपली, हे जास्त लागलं.
दुपारी बाबांना मळमळायला लागलं. बादली मी धरली. डोळे गच्च मिटून, पण धरली.
बाबा म्हणाले, अरे, इकडे. डावीकडे.