टीना राइमरची साक्ष

मी, जस्टिना लोएवेन, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार रोझेनडाल, मॅनिटोबा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची इथे गरज नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचे नावसुद्धा नव्हते.

माझे राहते घर, मागची बाग व आतील सर्व सामान मी माझी धाकटी बहीण हेलेना टोएव्स, राहणार विनिपेग, हिला देते. घर मूळचे आईचे. शेवटच्या वर्षी आईला गिळता येत नव्हते. डॉक्टरांनी पाव बंद केला होता, म्हणून मी तिला चमच्याचमच्याने दाट पेज भरवत असे. भरवलेले ती विसरे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "ही मला खायला देत नाही." शेजारच्या टीना राइमरने ते ऐकले. चर्चमध्ये बायका गोधडी शिवायला बसल्या असताना ती हळूच म्हणाली, "मला कोणाचं वाईट बोलायचं नाही, पण जस्टिनासाठी प्रार्थना करा. म्हातारीला उपाशी ठेवते हो ती."

ते फोनवरून हेलेनापर्यंत पोचले. आईच्या दफनाला ती कबरीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी समजावू लागले, तर म्हणाली, "आई खोटं बोलेल का?" त्यानंतर अकरा वर्षे तिने माझ्या दारात पाऊल टाकले नाही.

गोधडी शिवायची मोठी चौकट व माझ्या सर्व सुया चर्चच्या महिला मंडळाला द्याव्यात. अट एकच. चौकटीभोवती बसून कोणासाठी प्रार्थना मागायची असेल, तर आधी त्या माणसाला जाऊन विचारावे. आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नको, असे बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात आहे. प्रार्थनेच्या नावाखाली केलेल्या चहाडीला त्यात सूट नाही. मी शोधून पाहिले आहे.

चर्चच्या वडीलमंडळीतले डीडरिक फ्रीझन यांनी तेव्हा एका शब्दाने न विचारता मला रविवारच्या शाळेत मुलांना शिकवण्यावरून काढले. त्यांना माझी घडीची खुर्ची द्यावी. तिच्यावर फार वेळ बसवत नाही.

भावाने तुझा अपराध केला तर जा, एकट्याने गाठून त्याला सांग, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले वचन मला लहानपणापासून पाठ आहे; पाळायला मात्र अकरा वर्षे लागली. या मार्चमध्ये मी बूट चढवले आणि टीनाकडे गेले.

"टीना, आईला मी उपाशी ठेवते, असं तू बोललीस?"

ती ओट्याला टेकली. "बोलले. दफनानंतर नर्सनं मला खरं काय ते सांगितलं. तेव्हाच यायला हवं होतं गं. तू अंगणात दिसलीस की मी पडदा ओढून घ्यायचे."

"मला सांगून काय उपयोग? हेलेनाला सांग."

तिने किल्ल्या उचलल्या. "चल, बस गाडीत."

हेलेनाच्या स्वयंपाकघरात टीना उभ्यानेच सगळे बोलली. स्वतःची बाजू घेतली नाही. हेलेना म्हणाली, "मी तुला एकदा तरी विचारायचं होतं, जस्टी." आणि उठून भांडी हलवत, माझ्याकडे पाठ करूनच, "जेवलीस का?"

मी दोनदा वाढून घेतले. परतताना गाडीत मला गाढ झोप लागली. टीना म्हणते, घोरतही होते. पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली आणि हेच पुन्हा सर्वांसमोर बोलली.

हेलेना आता दर गुरुवारी येते. आम्ही भांडतो, बहुतेक आलुबुखाराच्या सारात साखर किती घालायची यावरून. मला बरे वाटते.

टीना राइमर हिला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हे रागाने नव्हे. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला तिचीच साक्ष हवी आहे.

रोझेनडाल, ता. ९ ऑक्टोबर
(सही) जस्टिना लोएवेन

साक्षीदार:

याकोब एन्स, पोस्टमास्तर. सही आमच्या दोघांच्या समोर झाली.

कॅटरिना (टीना) राइमर, शेजारीण. जस्टिनाने माझ्यासमोर सही केली. मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आहे.