घोट्याचं दुखणं

बुधवार, दिवेलागण

आज सहाव्यांदा शेलूबाजारहून अकोल्याला जाऊन आले. डॉक्टरीणबाई घोट्याच्या वर एका नसेजवळ बारीक सुई टोचून अर्धा तास हलका करंट देतात. अंगठा आपोआप हलतो. त्या नसेमुळे खालच्या जागेची पकड सुधारते म्हणे. धाकट्या लेकीच्या वेळी बाळंतपणात फाटलं, तेव्हापासून मला संडास आवरत नाही. आठ वर्षं झाली. या आठवड्यात एकदाच साडी बदलावी लागली. याला गुण म्हणावा का? इतक्यात नाही म्हणत.

घरी काय सांगणार? घोटा दुखते म्हणून सांगितलं. सुई तिथंच टोचतात, मग खोटं तरी कुठं?

निंदायला गेलं की मी बांधाकडची पात धरते, लगेच उठून पळता यावं म्हणून. बायका म्हणतात, हिले बांधच पाहिजे बसाले. म्हणू देत.

आता जाऊबाई लसणाचं तेल कोमट करून घेऊन आल्या आणि माझा धडधाकट घोटा चोळत बसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "राहू द्या ना बाई."

त्या खालीच पाहून राह्यल्या होत्या. "गुण हाय का वं?"

"हाय थोडा."

"मंग पुढच्या बुधवारी मलेबी घेऊन चाल. माहाबी घोटा दुखते."

कालच तर त्या चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन वावरातून आल्या, जराही लंगडल्या नाहीत. मग आठवलं. निंदताना त्या नेहमी दुसऱ्या टोकाची, नाल्याकडची पात धरतात. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना तिथली सावली आवडते.