पुढची रांग

तपासणीला आलेल्या साहेबांना,

कामणच्या सुशीलाचा नमस्कार. शेजारच्या सिमेंट भट्टीत केमिकलवाल्यांचा कचरा जाळतात आणि त्याची राख आमच्या केळीच्या पानांवर बसते, अशी तक्रार मीच केली होती. ती राख बघायला तुम्ही आलात आणि पानं स्वच्छ निघाली.

कारण ती माझ्या नवऱ्याने धुतली होती. जन्मभर पानं विकलेला माणूस तो, कुणापुढे मळकं पान धरणं त्याला जमतच नाही. साहेब येणार म्हणून सकाळी खोकत खोकत पाईप लावून त्याने पुढची रांग धुऊन काढली. मी होळी बाजारात पानं विकून परतले तेव्हा तुम्ही पानावरून बोट फिरवत होतात. मी म्हटलं, "साहेब, मागच्या रांगा बघा." तुम्ही म्हणालात, "तिकडे चिखल आहे हो बाई."

परवा तुमचा कागद आला, 'राख आढळली नाही.' भट्टीला आता दुप्पट कचरा जाळायची परवानगी मिळणार म्हणे. नवरा अजून गावभर सांगतो, साहेबांना आपली पानं आवडली. पानं धुऊन आपण काय केलं ते त्याला कळू नये, म्हणून ही चिठ्ठीसुद्धा मी टाकणार नाही.

पण एक विचारते. घरी सत्यनारायण आहे म्हणून जाताना तुम्ही दहा पानं मागितलीत. मी मागच्या रांगेतली कापायला वळले, तर तुम्ही घाईने म्हणालात, "तिकडची नको, ही धुतलेली द्या."

तिकडं काय होतं, साहेब?

तुम्हाला पानं कापून देणारी,
सुशीला